साइड क्वेस्ट: कुठली मनात राहते आणि कुठली नकोशी होते?

वाटाड्या (धागाकर्ते)

व्हिडिओ गेममध्ये मुख्य कथेच्या बाजूला जी छोटी कामं मिळतात त्या साइड क्वेस्ट, त्यांच्याबद्दल हा धागा. आधीच सांगतो, धाग्यात कथानकं फुटणार आहेत. विचर, मेजोराज मास्क, गॉड ऑफ वॉर अजून खेळायचे असतील त्यांनी जपून वाचा.

‘द विचर ३’ (२०१५) सुरू झाल्यावर पहिल्याच गावात, व्हाइट ऑर्चर्डमध्ये, एक म्हातारी कुलूपबंद झोपडीबाहेर उभी दिसते. तिचा तवा आत राहिलाय. बाहेर युद्ध चाललंय, गावावर ग्रिफिन हा उडता राक्षस घिरट्या घालतोय, नायक गेराल्ट त्याच्या प्रेयसीच्या, येनेफरच्या, मागावर आहे आणि या बाईला आपला तवा हवाय. दार उघडून आत गेलं की तवा सापडतो. सोबत एक प्रेत, जळालेले कागद आणि एक मोनोकल, म्हणजे एका डोळ्याचा चष्मा. तव्याची काजळी खरवडून कुणीतरी शाई केलेली असते. तवा म्हातारीच्या हातात दिला की क्वेस्ट संपली, पाच मिनिटांचं काम. पुढे कितीतरी तासांनी वेलन प्रांतात टालर भेटतो. तेमेरियाच्या हेरखात्याचा हा माणूस मोनोकल लावतो, आणि त्या झोपडीत कोण बसून लिहीत होतं ते एकदम उलगडतं.

याच गेममध्ये स्केलिगे बेटांभोवतीचा समुद्र आहे. नकाशा उघडला की प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. होडी हाकत जा, उडत्या सायरनींशी लढा, बुडी मारा, तस्करांच्या पिंपांतला माल उचला, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे निघा. दहा झाली काय नि पन्नास झाली काय, दर वेळी तेच.

गेम एकच, टीमही एकच, मग एवढा फरक का? माझं उत्तर असं: काम सांगणारा माणूस आपण तिथे पोचायच्या आधीपासून जगत होता आणि आपण निघून गेल्यावरही जगणार आहे असं वाटलं पाहिजे. आणि आपण जे केलं त्याची त्या जगाने कुठेतरी आठवण ठेवली पाहिजे. बक्षिसाची तलवार चार लेव्हलनंतर विकूनच टाकतो आपण. ‘ब्लॅक पर्ल’मध्ये निदास नावाचा म्हातारा बायकोसाठी काळा मोती शोधत असतो. नंतर नोव्हिग्राडला जाऊन त्याला भेटलं की कळतं, बायकोची स्मृती गेली आहे आणि मोत्याने ती परत येत नाही. त्या क्वेस्टचे पैसे किती मिळाले ते कुणाच्या लक्षात आहे?

तुमच्या मनात राहिलेल्या क्वेस्ट कुठल्या, आणि कुठल्या अर्ध्यात सोडून दिल्यात? कारणासकट लिहा.

शनिवारची_रात्र

धागा आवडला. मी मात्र वेळेपासून सुरुवात करेन. नोकरी, लेकरू, घरचं सगळं आटपून आठवड्यातून एक रात्र मिळते. त्या रात्री मला एक गोष्ट सुरू होऊन संपलेली हवी असते.

‘याकुझा ०’ मला म्हणूनच जवळचा आहे. त्यात शंभर सबस्टोरी म्हणजे साइड क्वेस्ट आहेत, दोन नायकांपैकी साठ किर्यूच्या आणि चाळीस माजिमाच्या. कामुरोचो हा भाग इतका लहान आहे की आठवड्याभरात गल्ल्या पाठ होतात. तिथे कुठलंही काम शोधायला जावं लागत नाही. रस्त्याने चाललं की कुणीतरी अडवतं.

त्यातली एक सांगते. गेमचा काळ डिसेंबर १९८८ चा. ‘अराकुरे क्वेस्ट’ नावाच्या व्हिडिओ गेमसाठी लोकांनी रांगा लावल्यात. (त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’साठी खरोखरच तशा रांगा लागल्या होत्या.) रांगेत उभं राहून एका मुलाने घेतलेला गेम कुणीतरी हिसकावून नेतं. किर्यू चोराला पकडतो, तर त्याच्याकडून तो आणखी कुणी पळवलेला. असं करत करत शेवटच्या चोरापर्यंत पोचलं की तो निघतो त्याच मुलाचा बाप. मुलाला गेम मिळावा म्हणून त्याने दुसऱ्याच्या हातातून ओढलेला असतो. पंधरा मिनिटांत हसू येतं, राग येतो आणि शेवटी पोटात कालवतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी त्या बापाचाच विचार करत होते.

टालरचा धागा जुळायला वाटाड्यांना कितीतरी तास थांबावं लागलं. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला तोवर तव्याचं प्रकरण आठवतही नाही. जगाने आठवण ठेवावी हे मान्य, पण माझ्या आठवणीवर त्याचा भार पडू नये.

गल्लीतला_गेमर

दोघांशीही थोडा असहमत. गोष्ट हवीच, हे कुणी ठरवलं?

आमच्या पिढीने साइड क्वेस्ट हा शब्द ऐकला नव्हता तेव्हापासून आम्ही त्या खेळतोय. सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चे ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’. मेन मिशन करून फारसा उपयोग नसायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्या मशीनवरच्या आपल्या सेव्हवर दुसऱ्या कुणीतरी सेव्ह केलेलं असायचं. म्हणून आम्ही अँब्युलन्स घ्यायचो. पेशंट उचल, हॉस्पिटलला पोचव, पुढच्या लेव्हलला एक पेशंट जास्त. ‘सॅन अँड्रियास’मध्ये बारा लेव्हल एका दमात पुऱ्या केल्या की आरोग्याची मर्यादा कायमची वाढते. फायर ब्रिगेडच्या बारा केल्या की आगीने काही होत नाही. टॅक्सीची पन्नास भाडी पुरी केली की टॅक्सीला नायट्रो, म्हणजे एकदम वेग वाढवणारा गॅस, मिळतो.

त्यात कुणाची म्हातारी नाही की कुणाची बायको नाही. गंमत यायची ती शहर अंगात भिनायची म्हणून. गेममधल्या लॉस सँटोस शहरात कुठल्या वळणावर ब्रेक मारायचा, कुठल्या गल्लीतून हॉस्पिटल जवळ पडतं, हे पायाखालच्या वाटेसारखं झालं होतं. मेन मिशनमध्ये पोलीस मागे लागले की हीच माहिती कामाला यायची. बक्षीस कायमचं आणि मेहनत स्वतःची. मागे उभं राहून चार पोरं बघत असायची तेव्हा अकराव्या लेव्हलला हात कसे थरथरायचे ते ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत.

वाटाड्या

@गल्लीतला_गेमर, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण मग स्केलिगेचा समुद्र का कंटाळवाणा? तिथेही गोष्ट नाही, मेहनत आहे.

गल्लीतला_गेमर

कारण पन्नासावं पिंप पहिल्याइतकंच सोपं असतं. अँब्युलन्स दर लेव्हलला अवघड होत जाते. हात सुधारत नसेल तर ती हमाली.

दक्षिणदिग्विजय

+१. ‘हात सुधारत नसेल तर ती हमाली’ हे लिहून ठेवतोय.

रानजाई

वाटाड्या, ‘जगाने आठवण ठेवली पाहिजे’ यावर मला मोठी हरकत आहे, कारण मला सगळ्यात आवडलेली साइड क्वेस्ट जग पूर्णपणे विसरून जातं.

‘मेजोराज मास्क’, निन्टेंडो ६४, सन २०००. तीन दिवसांनी चंद्र क्लॉक टाउनवर कोसळणार. नायक लिंक बासरी वाजवून पुन्हा पहिल्या दिवशी येऊ शकतो, पण मग त्याने केलेलं सगळं पुसलं जातं. अशा गावात अंजू नावाची मुलगी खानावळ सांभाळते. लग्न तोंडावर आलंय आणि नवरा मुलगा काफेई गायब आहे. स्कल किड या खलनायकाने त्याला लहान मूल करून टाकलंय, आणि लग्नाचा मुखवटाही चोरीला गेलाय. तो मिळेपर्यंत तोंड दाखवायचं नाही म्हणून तो एका दुकानामागे लपून बसलाय.

हे एका बैठकीत होत नाही. पहिल्या रात्री उशिरा खानावळीच्या स्वयंपाकघरात अंजूला भेटायचं. तिचं पत्र टपालपेटीत टाकायचं. दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या मागे मागे जाऊन काफेईला गाठायचं. त्याने दिलेलं पदक अंजूला नेऊन द्यायचं. ते तिला मिळालं नाही तर तीही बाकीच्यांसारखी गाव सोडून जाते. तिसऱ्या दिवशी इकाना दरीत चोराच्या अड्ड्यावर जायचं. एक वेळ चुकली की सगळं पहिल्यापासून. आणि हे सगळं साधलं तर काय होतं? गाव रिकामं झालंय, चंद्र छतावर टेकायला आलाय, जग संपायला दीड तास उरलाय आणि काफेई खोलीत येतो. ती दोघं लग्न करतात. तुम्हाला एक मुखवटा मिळतो.

मग तुम्ही बासरी वाजवता. पहिल्या दिवसाची सकाळ. अंजू पुन्हा काउंटरमागे उभी, काफेई पुन्हा बेपत्ता, तुम्हाला कुणी ओळखत नाही. तुमच्या वहीतली नोंद आणि तो मुखवटा, एवढंच उरतं. त्यानंतर खानावळीत पाऊल टाकताना जे वाटतं ते दुसऱ्या कुठल्या गेमने मला दिलेलं नाही.

दुसरं असं की घाईचा प्रश्न ज्या गेमने प्रामाणिकपणे सोडवला असे फार थोडे आहेत, त्यातला हा एक. ‘फॉलआउट ४’मध्ये तुमचं तान्हं मूल डोळ्यांदेखत पळवून नेतात आणि पुढचे कित्येक तास तुम्ही वस्त्यांमध्ये भिंती उभारत बसता. ‘विचर ३’मध्ये गेराल्टच्या मानलेल्या मुलीच्या, सिरीच्या, मागे वाइल्ड हंट ही घोडेस्वारांची टोळी लागलीय आणि गेराल्ट ग्वेंटचे पत्ते जमवतोय. मला ते टोचतं. पोर हरवलेलं असताना कुणी पत्ते कुटत नाही. ‘मेजोराज मास्क’मध्ये घड्याळ सतत पडद्यावर असतं, आणि अंजूसाठी दिलेला प्रत्येक तास बाकीच्या गावाच्या वाट्याचा असतो. त्यामुळे साइड क्वेस्ट घेणं हा खराखुरा निर्णय होतो.

वाटाड्या

रानजाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं वाक्य बदलतो: कुणीतरी आठवण ठेवली पाहिजे. तुमच्या उदाहरणात जग विसरतं आणि ती आठवण खेळणाऱ्याकडे येते. पण त्याला आठवण ठेवावीशी वाटेल असं काहीतरी आधी घडावं लागतं, आणि ते घडलंय.

ग्वेंटबद्दल मात्र मी गेराल्टच्या बाजूने. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेला माणूस रात्री खानावळीत पत्ते खेळणारच.

शनिवारची_रात्र

रानजाई, सुंदर लिहिलंत. पण एक वेळ चुकली की पहिल्यापासून, हे वाचूनच छातीत धस्स झालं. लेकरू मधेच उठलं तर?

रानजाई

तोच त्याचा कठोरपणा आहे, मान्य. आणि कठोरपणाला अर्थ नसेल तर मीही चिडते. ‘फायनल फँटसी १०’मध्ये थंडर प्लेन्सवर ओळीने दोनशे विजा चुकवायच्या, एकही अंगावर न घेता, तेव्हा लुलू या पात्राचं अंतिम शस्त्र पूर्ण करणारी वस्तू मिळते. त्या विजांचा लुलूच्या दुःखाशी, तिच्या गोष्टीशी संबंध काय? काही नाही. तिथे घड्याळही नाही नि अंजूही नाही.

कोडकाम

मी गेमिंगमध्येच काम करतो, बरीच वर्षं. कुठे ते सांगत नाही. वाईट साइड क्वेस्ट कशा जन्माला येतात ते थोडं सांगतो, कारण त्या आळसातून येतात असा बऱ्याच जणांचा समज असतो.

तव्याची क्वेस्ट पाच मिनिटांची. आता ती बनवणाऱ्याच्या बाजूने पाहा. संवाद लिहायचे, अनेक भाषांत करायचे, रेकॉर्ड करायचे. झोपडीचा अंतर्भाग बनवायचा. म्हातारीची हालचाल, चेहरा. मग टेस्टिंग. खेळणाऱ्याने म्हातारीशी न बोलताच दार फोडलं तर? तवा उचलून गाव सोडून गेला तर? रात्री आला तर? क्वेस्ट न करता टालरला भेटला तर? अशी प्रत्येक शक्यता म्हणजे एक स्वतंत्र अवस्था आणि ती कुणीतरी तपासायची. समुद्रातल्या पिंपाला यातलं काहीच लागत नाही. एकदा बनवलं की नकाशावर हवं तिथे ठेवा.

म्हणून ढाचे तयार होतात. ‘स्कायरिम’ (२०११) मधली रेडियंट पद्धत म्हणजे असाच ढाचा. कुणीतरी काम सांगणार, यंत्रणा शक्यतो तुम्ही न पाहिलेली गुहा निवडणार, तिथे कुणाला तरी मारायचं किंवा काहीतरी आणायचं. कल्पना वाईट नव्हती, न पाहिलेला कोपरा दाखवणं हा चांगला हेतू आहे. पण माणूस नमुना फार लवकर ओळखतो. ‘फॉलआउट ४’मध्ये प्रेस्टन गार्वी हा साथीदार आणखी एका वस्तीला मदत हवी म्हणतो तेव्हा बोलणारा माणूस दिसेनासा होतो आणि मागचा ढाचा दिसायला लागतो. एकदा ढाचा दिसला की त्या माणसावरचा विश्वास परत येत नाही.

वेळेचा मारही असतो. पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’वर (२००७) काम केलेल्या चार्ल्स रँडल यांनी २०२० मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं की कंपनीप्रमुखाच्या मुलाला गेम कंटाळवाणा वाटला म्हणून त्यातली बरीच बाजूची कामं शेवटच्या पाच दिवसांत घातली गेली. त्या गेममधले चारशेवीस झेंडे ज्यांनी शोधले त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझी स्वतःची कसोटी एकच. क्वेस्टमधलं ठिकाण आणि माणूस बदलून दुसरं घातलं तर काही बिघडतं का? तव्याच्या क्वेस्टमध्ये बिघडतं, पिंपात नाही. मीटिंगमध्ये मी हा प्रश्न विचारतो, आणि कधी कधी त्याने क्वेस्ट वाचते.

दक्षिणदिग्विजय

कोडकाम, फार मोलाची माहिती. आता एक वेगळी तक्रार. क्वेस्ट उत्तम असते पण ती केव्हा हातची जाईल ते कळत नाही. ‘विचर ३’मधली ‘रीझन ऑफ स्टेट’ साइड क्वेस्ट म्हणून मांडलेली आहे, पण उत्तरेकडच्या राज्यांचं पुढे काय होणार हे तिच्यावर ठरतं. तिच्या आधीच्या क्वेस्ट राहून गेल्या, किंवा मुख्य कथेतल्या आयल ऑफ मिस्ट्स या बेटाकडे आधी निघालात, की ती गेली. युद्धाचा निकाल असा बाजूला ठेवलेला असू नये.

याउलट ‘एल्डन रिंग’ (२०२२). लोक त्यात क्वेस्टची यादी नाही म्हणून वैतागतात, मला तीच त्याची मोठी देणगी वाटते. मिस्टवुडच्या जंगलात लांडग्याची आरोळी ऐकू येते. नकाशावर काही नाही. कुतूहल म्हणून चर्च ऑफ एलेहच्या काले नावाच्या व्यापाऱ्याशी बोललात तर तो चुटकी वाजवायची खूण शिकवतो. परत त्या पडक्या अवशेषांपाशी जाऊन चुटकी वाजवली की वरून ब्लाइड हा लांडग्याच्या तोंडाचा योद्धा उडी मारून समोर उभा राहतो. कान उघडे ठेवले, विचारपूस केली आणि माणूस भेटला. नकाशावरच्या बाणाच्या मागे धावून ही ओळख झाली नसती.

मार्च २०२२ च्या १.०३ अपडेटमध्ये भेटलेल्या पात्रांची जागा नकाशावर नोंदवायची सोय त्यांनी दिली. तेवढी मदत रास्त होती. त्यापेक्षा जास्त नको.

गल्लीतला_गेमर

ब्लाइडची चुटकी किती जणांना स्वतः सापडली आणि किती जणांनी इंटरनेटवर वाचली? दुसऱ्या स्क्रीनवर गाइड उघडून खेळावं लागत असेल तर ते कुतूहल उसनं आहे.

दक्षिणदिग्विजय

नाही सापडली तरी गेम अडत नाही, हे त्याचं मोठेपण. मला ती आरोळी खूप नंतर समजली आणि तोवर ती जंगलाचाच एक आवाज म्हणून आवडायची. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे नऊशे कोरोक, म्हणजे लपून बसलेली छोटी वनभुतं, तसेच; प्रत्येकाकडून बी मिळते. सामानाच्या सगळ्या जागा वाढवायला चारशेएक्केचाळीस बिया पुरतात. उरलेल्या अर्ध्याहून जास्त कुणी शोधाव्यातच अशी अपेक्षा नाही. त्या पेरल्यात एवढ्यासाठी की तुम्ही कुठल्याही डोंगरावर चढलात तरी माथ्यावर काहीतरी भेटावं.

पोथीवाचक

मी फार खेळत नाही. नात खेळते, मी शेजारी बसतो. पण वाटाड्या आणि रानजाई यांचा वाद वाचून वनपर्वातलं नलोपाख्यान डोळ्यांसमोर आलं.

द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर वनात बसलाय. माझ्याएवढा दुर्दैवी राजा कुणी पाहिला का, असं तो बृहदश्व ऋषींना विचारतो. तेव्हा ते नळाची कथा सांगतात. नळही द्यूतातच हरला. मुख्य कथा तिथे जागची हलत नाही, लढाई वर्षानुवर्षं दूर आहे, आणि तरी कुणी ते उपाख्यान गाळत नाही. कारण ते युधिष्ठिराचंच दुःख दुसऱ्याच्या अंगावर घालून त्याला दाखवतं. आणि कथा संपल्यावर बृहदश्व त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतात. विराटाच्या घरी कंक होऊन फासे टाकताना हाच युधिष्ठिर आहे हे विसरू नका. नायकाच्या जखमेशी नातं आणि हातात पडलेली विद्या, दोन्ही एकाच आडकथेत.

लुलूच्या विजा का खटकल्या ते रानजाईंनी बरोबर सांगितलं. त्यात हे नातंच नाही.

कोडकाम

पोथीवाचक, नमस्कार. हा प्रतिसाद मी टीममध्ये वाचून दाखवणार आहे.

तुमच्या कसोटीला उतरणारी अलीकडची एक क्वेस्ट सांगतो. ‘गॉड ऑफ वॉर राग्नारोक’ (२०२२), स्वार्टाल्फहाइमच्या खाडीत. ओडिन या देवाला खूश करण्यासाठी नायक क्रेटोसच्या सोबत्याने, मिमिरने, कधीकाळी एका प्रचंड समुद्रजीवाला साखळ्यांनी बांधून ठेवलेलं असतं. आता मिमिरला ते सलतं आणि क्रेटोसला तो मदत मागतो. साखळ्या तुटतात. लिंगबाकर, म्हणजे तो जीव, मोकळा होतो, पण जागचा हलत नाही. इतकी वर्षं बांधलेला जीव, मोकळं होणं म्हणजे काय हेच विसरलाय. कुणालाही काही दुरुस्त करता येत नाही. क्रेटोस स्वतः काय काय करून तिथवर आलाय ते माहीत असलेल्याला त्या होडीतलं मिमिरचं बोलणं मुख्य कथेइतकंच लागतं.

रानजाई

पोथीवाचक काका, नातीला विचारा तिला कुठली आवडते. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) दाखवलात का तिला? साइड क्वेस्ट त्यात नाहीत, सरळ रेषेत जाणारा छोटा गेम आहे, पण वाटेत भित्तिचित्रांपाशी थांबलं तर दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात. न थांबताही पुढे जाता येतं. मी प्रत्येक ठिकाणी थांबले.

पोथीवाचक

आणतो. नातीचं उत्तर: ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधलं टॅरी टाउन. ओसाड जागी एकटा हडसन दगड फोडत असतो, आणि नाव ‘सन’ने संपणारी माणसं देशोदेशीहून शोधून आणत गाव वसवायचं. गाव पुरं झालं त्या दिवशी तिने घरभर सांगितलं होतं.

नवशिका_२३

सगळा धागा वाचला, बरंच शिकलो. कॉलेजला आहे, लॅपटॉप साधा आहे. यातलं सगळं चालणार नाही. सुरुवात कुठून करू?

वाटाड्या

साध्या लॅपटॉपसाठी ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) बघ. लढाई नाही, वाचन भरपूर आहे. मुख्य काम एका खुनाचा तपास. खानावळीत लेना नावाची आजीबाई भेटेल, तिचा नवरा खरा आहे की नाही तेच नक्की नसलेल्या एका किड्याच्या शोधात किनाऱ्यावरच्या बोरूत सापळे लावतोय. तुझा सहकारी किम त्या शोधाला फारसं महत्त्व देणार नाही, तपास महत्त्वाचा म्हणेल. तरी ते काम घे आणि सगळे सापळे तपास. पुढचं सांगत नाही.

शनिवारची_रात्र

आणि ‘याकुझा ०’ही बघ, तोही फार जड नाही. काम सांगायला कुणी थांबवलं तर घाईत असलास तरी थांब.